घरच्या व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर घेताना: रेकॉर्डरवरचं कुठलं बटण कशासाठी

लग्नाची, मुंजीची, बारशाची कॅसेट कपाटात आहे, पण ती लावायला घरात व्हीसीआर नाही. आज बहुतेक घरांत हेच चित्र आहे. जेव्हीसीने व्हीएचएस १९७६ साली जपानात आणली. आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं आणि त्यानंतरच्या वीसेक वर्षांत घरोघरी या कॅसेट साठल्या. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. नवीन यंत्र आता येणार नाही, जुनी एकेक करून बंद पडणार आणि आपल्या हवेत टेप दर पावसाळ्यात थोडी आणखी खराब होणार. त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

हे काम घरच्या घरी करायला मला सगळ्यात भरवशाचं वाटलेलं यंत्र म्हणजे डीव्हीडी रेकॉर्डर. कॉम्प्युटरला लावायच्या स्वस्त यूएसबी कॅप्चर केबल मिळतात, पण तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज हळूहळू चित्राच्या मागे पडतो, ही त्यांची नेहमीची तक्रार. रेकॉर्डर चित्र आणि आवाज दोन्ही स्वतःच एमपीईजी-२ मध्ये (डीव्हीडीवर व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) बांधून डिस्कवर लिहितो, त्यामुळे हा घोळ सहसा होत नाही. अडचण एकच. ही यंत्रं टीव्हीवरचे कार्यक्रम टिपून ठेवण्यासाठी बनवलेली होती, त्यामुळे खोक्यावर छापलेल्या निम्म्या सोयी आज निरुपयोगी आहेत, आणि ज्या तीन-चार खरंच लागतात त्या मेन्यूत खोल कुठेतरी दडलेल्या असतात.

लागणारं सामान

- चालू स्थितीतला व्हीसीआर, शक्यतो चार हेडचा (हेड म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा भाग)
- डीव्हीडी रेकॉर्डर आणि त्याचा मूळ रिमोट
- पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या दोन केबल (एक व्हीसीआर ते रेकॉर्डर, दुसरी रेकॉर्डर ते टीव्ही)
- कोऱ्या डीव्हीडी-आर आणि सरावासाठी एक डीव्हीडी-आरडब्ल्यू
- छोटा यूपीएस
- डीव्हीडी ड्राइव्ह असलेला किंवा बाहेरून जोडता येणारा कॉम्प्युटर
- डिस्कवर लिहायचा मार्कर
- एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट, व्हीसीआर तपासायला

१. सगळ्यात आधी कॅसेट बघा

कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून गुंडाळलेल्या टेपची कड तपासा. ती एकसारखी काळी, गुळगुळीत दिसली पाहिजे. कडेवर पांढरे ठिपके किंवा पिठूळ थर दिसला तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडवर बसते, चित्र जातं, आणि त्याच व्हीसीआरमध्ये पुढे लावलेल्या चांगल्या कॅसेटनाही लागते. कोकणात, मुंबईत, गोव्यात असे नमुने हटकून सापडतात. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवा आणि टेप साफ करून देणाऱ्याकडेच द्या.

चांगल्या कॅसेटच्या मागच्या कडेला डावीकडे प्लास्टिकची छोटी पट्टी असते. ती अजून शाबूत असेल तर मोडून टाका. ती मोडली की त्या कॅसेटवर कुणी चुकूनही रेकॉर्ड करू शकत नाही. नंतर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घ्या. त्यामुळे वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली टेप मोकळी होते आणि चित्र हलण्याचं प्रमाण कमी होतं. आधी ती बिनमहत्त्वाची कॅसेट लावून व्हीसीआर टेप चावत नाही ना, याची खात्री केलेलीच असू द्या.

२. रेकॉर्डर घेताना काय विचारायचं

आता मिळेल तो वापरलेलाच मिळेल. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, जुना बाजार, किंवा ओळखीत कुणाच्या माळ्यावर.

पहिला प्रश्न रिमोटचा. यंत्राच्या दर्शनी भागावर प्ले, रेकॉर्ड, स्टॉप एवढीच बटणं असतात. डिस्क पूर्ण करण्याची, म्हणजे फायनलाइझची आज्ञा बहुतेक यंत्रांत फक्त रिमोटने उघडणाऱ्या मेन्यूत असते. रिमोट नसेल तर रेकॉर्डिंग होईल, पण ती डिस्क दुसऱ्या कुठल्याही प्लेअरवर चालणार नाही. "युनिव्हर्सल रिमोट चालेल की" असं दुकानदार म्हणाला, तर त्याच्यासमोरच त्या रिमोटने सेटअप मेन्यू उघडून बघा.

दुसरा प्रश्न पॅलचा. आपलं प्रसारण आणि आपल्या कॅसेट पॅल पद्धतीच्या: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतून किंवा जपानमधून आलेलं यंत्र बहुधा फक्त एनटीएससी घेतं (५२५ रेषा, सेकंदाला सुमारे ३० चित्रं) आणि त्याचा व्होल्टेजही वेगळा असतो. असं यंत्र फुकट मिळालं तरी या कामाला घेऊ नका. दुबईहून आणलेली यंत्रं पॅलची आणि आपल्याच व्होल्टेजची असतात, ती चालतात.

तिसरा, इनपुटचा. मागे किंवा पुढच्या झाकणाखाली पिवळा-पांढरा-लाल इनपुट हवाच. पुढच्या बाजूला डीव्ही किंवा आय-लिंक नावाचं छोटं चार पिनांचं छिद्र असेल आणि तुमच्याकडे मिनीडीव्ही कॅमेऱ्याच्या टेप असतील, तर ते छिद्र सोन्याचं समजा. त्यातून चित्र कॅमेऱ्यातून डिजिटल रूपातच बाहेर येतं. मधल्या ॲनालॉग केबलमुळे येणारी खराबी टळते.

ट्यूनर, गाइड, टाइमर यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. रेकॉर्डरमधला ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारा भाग, ॲनालॉग. मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेरीस केबल डिजिटल झाली आणि पुढे राज्यभर तेच झालं. त्या ट्यूनरला आता पकडायला काही उरलेलं नाही.

हार्ड डिस्क असलेलं यंत्र मिळालं तर मात्र दोन पैसे जास्त द्या. कारण पुढे येईलच.

पैसे देण्याआधी दुकानातच दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, डिस्क फायनलाइझ करा आणि दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. जुन्या यंत्रांत सगळ्यात आधी थकते ती लेसर. वाचायचं काम ती करत राहते आणि लिहिताना दगा देते, म्हणून "डिस्क चालते बघा" एवढ्यावर समाधान मानू नका.

३. डिस्क: चार नावं, एक निवड

डीव्हीडी-आर एकदाच लिहिता येते. डीव्हीडी+आरही एकदाच, फक्त कंपन्यांच्या वेगळ्या गटाने काढलेली. आरडब्ल्यू पुसून पुन्हा वापरता येते, अंदाजे हजार वेळा. डीव्हीडी-रॅम त्याहून कितीतरी जास्त वेळा पुसता येते आणि तिच्यावर संपादन सोपं जातं, पण घरातले साधे प्लेअर ती बहुधा वाचत नाहीत.

कायम ठेवायची कॅसेट डीव्हीडी-आरवर घ्या. नातेवाईकांकडच्या जुन्या प्लेअरवर चालण्याची खात्री तिचीच जास्त. सरावाला आरडब्ल्यू. एकदा लिहायच्या डिस्कवर काही पुसलं तरी जागा परत मिळत नाही. "डिलीट" दाबल्यावर फक्त नाव जातं. नव्या माणसाला हे शेवटच्या अर्ध्या तासाला जागा कमी पडल्यावर कळतं, म्हणून आत्ताच सांगतो.

४. व्हिडिओ मोड की व्हीआर मोड

आरडब्ल्यू किंवा काही यंत्रांत आर डिस्क घातली की यंत्र विचारतं, कुठल्या पद्धतीने फॉरमॅट करू? इथे घाईने ओके दाबू नका.

व्हिडिओ मोड म्हणजे बाजारातल्या सिनेमाच्या डीव्हीडीची रचना. फायनलाइझ केल्यावर कुठल्याही प्लेअरवर चालते, पण डिस्कवर संपादन जवळपास करता येत नाही. व्हीआर मोडमध्ये मधला भाग कापता येतो, क्रम बदलता येतो, प्लेलिस्ट करता येते, पण ती डिस्क वाचणारे प्लेअर थोडे. घरच्या कॅसेटला व्हिडिओ मोड घ्या. कापाकापी हार्ड डिस्कवर किंवा नंतर कॉम्प्युटरवर करता येते.

तुमच्याकडे आधीच व्हीआर मोडची जुनी डिस्क असेल आणि कॉम्प्युटरवर ती रिकामी वाटत असेल, तर डीव्हीडी_आरटीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये बघा. तिथे व्हीआरओ शेपटीची एक मोठी फाइल असते. सगळं रेकॉर्डिंग तिच्यातच आहे आणि कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ प्लेअरवर ती सहसा चालते.

५. एक्सपी, एसपी, एलपी, ईपी

या लेखातलं एकच प्रकरण नीट वाचायचं असेल तर हे वाचा, कारण इथे गेलेला दर्जा नंतर कुठल्याही उपायाने परत येत नाही.

एका थराच्या डिस्कवर ४.७ जीबी जागा असते आणि ती किती वेळात वाटायची, हे मोड ठरवतो. एक्सपीत एक तास बसतो, एसपीत दोन, एलपीत चार, ईपीत सहा किंवा आठ. एसपीत दर सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट मिळतात, एलपीत त्याच्या निम्मे. शिवाय पुष्कळ यंत्रं एलपीमध्ये चित्राची रुंदीही ७२० बिंदूंवरून ३५२ वर आणतात आणि ईपीत उंचीसुद्धा अर्धी करतात.

"व्हीएचएस तशीही धुरकट, मग एलपी पुरे" असं अनेकजण सांगतात. मला ते पटत नाही. व्हीएचएसच्या चित्रात सतत बारीक कण वळवळत असतात. एमपीईजीला हे कण म्हणजे हालचालच वाटते आणि हातातले बिट तो त्यांच्यावर उधळतो. खरी हालचाल येते तेव्हा शिल्लक काही उरत नाही. आमच्या घरच्या एका लग्नाच्या कॅसेटवर हे स्पष्ट दिसलं. एलपीत घेतलेल्या प्रतीत मंगलाष्टकं चालू असेपर्यंत सगळं ठीक होतं. "सावधान" झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, आणि नेमक्या त्याच क्षणी नवरा-नवरीचे चेहरे चौकोनांत फुटले. तीच कॅसेट एसपीत घेतली तेव्हा अक्षतांचा दाणा न् दाणा नाही, पण चेहरे तरी ओळखू येत होते. जो क्षण बघायला माणसं कॅसेट लावतात, त्याच क्षणी एलपी हात टेकते.

म्हणून एसपीच्या खाली जाऊ नका. आपल्याकडच्या लग्नाच्या कॅसेट बहुधा ई-१८०, म्हणजे तीन तासांच्या. त्यांना दोन डिस्क लागतील, लागू द्या. तोडायची जागा आधी बघून ठेवा. पंगत सुरू होते तिथे तोडणं सोयीचं, विधींच्या मध्ये नको.

इथेच एफआर किंवा फ्लेक्सिबल रेकॉर्डिंग नावाची सोय कामी येते. तुम्ही वेळ सांगता, समजा दीड तास, आणि यंत्र तेवढ्या वेळात डिस्क पूर्ण भरेल असा दर्जा स्वतः ठरवतं. तीन तासांचे दोन दीड-दीड तासांचे भाग केले, तर दोन्ही डिस्क एसपीपेक्षा चांगल्या निघतात. छोटी मुंज किंवा बारसं तासाभराचं असेल तर सरळ एक्सपी.

६. जोडणी आणि सेटिंग

व्हीसीआरच्या आउटपासून रेकॉर्डरच्या इनला पिवळा पिवळ्यात, पांढरा पांढऱ्यात, लाल लालमध्ये. रेकॉर्डरच्या आउटपासून टीव्हीला दुसरी केबल. व्हीसीआर मोनो असेल तर आवाजाचं एकच छिद्र असतं. तेव्हा एकाचे दोन करणारी पिन लावून आवाज पांढऱ्या आणि लाल दोन्हींत द्या, नाहीतर डिस्कवर आवाज एकाच बाजूला येतो.

मग रिमोटवरच्या इनपुट सिलेक्टने एव्ही-१, एव्ही-२ किंवा पुढचं एव्ही निवडा. टीव्हीवर कॅसेटचं चित्र रेकॉर्डरमधून येताना दिसलं की जोडणी बरोबर.

व्हीसीआरच्या मेन्यूत दोन गोष्टी बंद करा. एक ओएसडी, म्हणजे व्हीसीआर चित्रावर दाखवतो ती अक्षरं. ती चालू राहिली तर "प्ले" आणि काउंटरचे आकडे कायमचे डिस्कवर उमटतात. दुसरी ब्लू बॅक. टेपवर चित्र कमकुवत झालं की व्हीसीआर त्यावर निळा पडदा टाकतो आणि खाली असलेलं खरं चित्रही झाकलं जातं.

परदेशातल्या मामा-मावशीने पाठवलेल्या कॅसेट एनटीएससी असतात. आपले बरेच व्हीसीआर त्या लावतात, पण टीव्हीला समजेल असा मिश्र सिग्नल बाहेर काढतात. टीव्ही तो चालवून घेतो, रेकॉर्डर बहुधा नाही. चित्र काळं-पांढरं होतं किंवा फिरत राहतं. त्यासाठी खरा एनटीएससी सिग्नल देणारा व्हीसीआर हवा, रेकॉर्डरच्या सेटअपमध्ये एनटीएससी निवडायला हवं आणि डिस्क वेगळी घ्यायला हवी. बहुतेक रेकॉर्डर दोन्ही पद्धती एकाच डिस्कवर घेत नाहीत.

७. रेकॉर्डिंग

कॅसेट पूर्ण मागे घ्या. पहिली पाच मिनिटं चालवून ट्रॅकिंग, म्हणजे टेप आणि हेड यांची जुळणी, नीट लावा. खाली किंवा वर पांढऱ्या पट्ट्या दिसत असतील तर त्या जाईपर्यंत बटण हळूहळू दाबा. परत मागे या, आधी रेकॉर्डरवर रेकॉर्ड दाबा, काही सेकंद जाऊ द्या, मग व्हीसीआरवर प्ले. उलट केलं तर सुरुवातीच्या गणपतीच्या चित्राचा आणि नावांचा तुकडा निसटतो.

तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, घाईचा कुठलाही मार्ग नाही. रेकॉर्ड बटण पुन्हा पुन्हा दाबलं तर बहुतेक यंत्रांत अर्ध्या-अर्ध्या तासाने थांबण्याची वेळ लावता येते. मात्र पहिली कॅसेट समोर बसूनच घ्या.

मध्येच "कॉपी प्रोटेक्टेड" असं येऊन रेकॉर्डिंग थांबलं, तर गोंधळू नका. सिनेमाच्या विकत घेतलेल्या कॅसेटवर मॅक्रोव्हिजनचं संरक्षण असतं, ती घेऊच नका. पण घरच्या लग्नाच्या कॅसेटवरही हा संदेश येतो. टेप जुनी झाली की सिग्नल डळमळतो आणि रेकॉर्डर त्यालाच संरक्षण समजतो. व्हीसीआरचं हेड साफ करा, ट्रॅकिंग बदलून बघा, दुसऱ्या व्हीसीआरवर लावा. तरीही येत असेल तर मध्ये टाइम बेस करेक्टर नावाचं, डळमळणारा सिग्नल स्थिर करणारं यंत्र लागतं. ते महाग असतं. शूटिंग करणाऱ्या एखाद्या जुन्या स्टुडिओत भाड्याने मिळतंय का, ते विचारा.

८. हार्ड डिस्क असेल तर

आधी हार्ड डिस्कवर घ्या, नको ते कापा, मग डिस्कवर उतरवा. पण दोन अटी लक्षात ठेवा. हाय स्पीड कॉपीसाठी रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी सेटअपमधला तसा पर्याय चालू असावा लागतो, नंतर करून उपयोग नाही. आणि हार्ड डिस्कवर ज्या दर्जात घेतलं, त्याच दर्जात ते डिस्कवर बसलं पाहिजे. तीन तास एक्सपीत घेतले आणि एका डिस्कवर कोंबायला गेलात, तर यंत्र सगळं पुन्हा नव्याने दाबून लिहितं. त्यात वेळही जातो आणि चित्रही. जे शेवटी डिस्कवर हवंय, त्याच मोडमध्ये सुरुवात करा.

हार्ड डिस्क हे साठवण्याचं ठिकाण नव्हे. ती काढून कॉम्प्युटरला लावली तर कॉम्प्युटर तिला ओळखत नाही. यंत्र बंद पडलं की आतलं सगळं अडकलं. रेकॉर्डिंग झालं की त्याच आठवड्यात डिस्क लिहून मोकळे व्हा.

९. फायनलाइझ

रेकॉर्डर लिहिताना चित्र टाकत जातो, पण पुस्तकाची अनुक्रमणिका लिहायची बाकी ठेवतो. फायनलाइझ म्हणजे ती अनुक्रमणिका. ती नसेल तर डिस्क फक्त त्याच रेकॉर्डरला समजते. तो रेकॉर्डर भंगारात गेलेला असेल, तर घरातल्या जुन्या डिस्क "नो डिस्क" दाखवतात, त्याचं कारण बहुधा हेच. डीव्हीडी+आरडब्ल्यू आणि डीव्हीडी-रॅमला ही पायरी लागत नाही, बाकीच्यांना लागते.

आधी टायटलला नाव द्या. बहुतेक यंत्रांत रोमन अक्षरंच मिळतात, तेव्हा वर्ष आणि प्रसंग एवढं पुरे. फायनलाइझनंतर नाव बदलता येत नाही. मग सेटअप किंवा डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन फायनलाइझ द्या. काही मिनिटं लागतात. या मिनिटांत लाइट गेली तर डिस्क बहुधा वाया जाते. सामानाच्या यादीत यूपीएस त्यासाठीच आहे.

डिस्कवर मार्करने लिहा. कागदी स्टिकर लावू नका. तो एका बाजूने सुटतो आणि फिरताना डिस्क थरथरते.

१०. त्याच दिवशी कॉम्प्युटरवर प्रत

लिहिलेली डीव्हीडीही कायमची नसते. घरात लिहिलेल्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उन्हाने उतरतो. म्हणून डिस्क कॉम्प्युटरमध्ये घाला आणि व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर जसाच्या तसा उचलून घ्या. आत व्हीओबी शेपटीच्या फाइल दिसतील, प्रत्येकी जास्तीत जास्त एक जीबीच्या. तासाभराचं रेकॉर्डिंग चार-पाच तुकड्यांत दिसलं तर काही बिघडलेलं नाही. त्या एमपी४ मध्ये बदलून मूळ पुसून टाकायची घाई करू नका, दर बदलाला दर्जा थोडा उतरतो. कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवायला छोटी प्रत वेगळी करा.

कॉम्प्युटरवर बघताना हात हलला की कडांना कंगव्यासारख्या रेषा दिसतील. हा रेकॉर्डिंगचा दोष नाही. जुना व्हिडिओ एकाआड एक रेषांनी बनतो. व्हीएलसीत डीइंटरलेस चालू करा, रेषा जातात.

एक प्रत घरी, कॉम्प्युटरला बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर ठेवा, दुसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहीण-भावाकडे. देण्याआधी सुरुवात, मधला भाग आणि शेवट लावून बघा.

मूळ कॅसेट टाकून देऊ नका. पुढेमागे चांगला व्हीसीआर किंवा टाइम बेस करेक्टर हाती आला, तर तिच्यातून आजच्यापेक्षा चांगली प्रत निघू शकते. पूर्ण मागे फिरवून, डब्यात घालून, पुस्तकासारखी उभी ठेवा. टीव्ही, स्पीकर आणि ओल धरणारी भिंत यांपासून लांब.